दोघांची लेखनिक

आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून ती जाईपर्यंत तिच्या पाठीवर एकही जखम झाली नाही. घरी येणारे डॉक्टर दर वेळी तिला कुशीवर वळवून माकडहाड बघायचे, टाचा बघायचे, आणि मला विचारायचे, "हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?" मी सांगायचे, "खडकीच्या एका हवालदारसाहेबांनी." डॉक्टरांना वाटायचं, सैन्याच्या दवाखान्यात काम केलेले कोणी असतील. हवालदारसाहेब दवाखान्यातले नव्हते. ते मराठा लाइट इन्फंट्रीतले होते, आणि छातीपासून खालचं त्यांचं स्वतःचं शरीर त्यांना जाणवत नव्हतं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना ते रुचणार नाही. सगळा वॉर्ड त्यांना हवालदारसाहेब म्हणायचा, मीही तेच म्हणते. आई २००९ साली गेली, ते त्यानंतर चार वर्षांनी. आईवडील आणि शाळेतल्या एक बाई सोडल्या, तर रोजच्या जगण्यात कामाला येईल असं इतकं काही मला दुसऱ्या कोणी दिलेलं नाही.

खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ साली सुरू झालं. मणक्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर लुळं पडलेल्या जवानांसाठी ती जागा आहे. इस्पितळातले उपचार संपले, पेन्शनचे कागद झाले, तरी घरी परतणं ज्यांना जमत नाही ते इथे राहतात. कोणी काही महिने, कोणी उरलेलं सगळं आयुष्य. जायबंदी जवान पुण्याला नवे नाहीत. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीलाच आली. हातपाय गमावलेल्यांसाठी आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून पुण्यात आहे. पण गेलेल्या पायाच्या जागी पाय बसवता येतो, मज्जारज्जूच्या जागी काही बसवता येत नाही. तिथे हाती उरतं ते रोजचं जपणं.

मी तिथे गेले ती १९९९च्या पावसाळ्यात. कारगिलचं युद्ध नुकतंच संपलं होतं आणि जवानांसाठी काहीतरी करावं असं साऱ्या पुण्याला वाटत होतं. आमच्या बँकेतल्या लोकांनीही वर्गणी काढली. ती घेऊन आम्ही चौघं गेलो. तिथल्या एक वयस्क सिस्टर होत्या, त्यांनी पाकिटाबद्दल आभार मानले आणि म्हणाल्या, "पैसे येतात, मिठाईपण येते. शनिवारी दुपारी कोणी मराठीत पत्रं लिहून देणारं मिळेल का?" तेव्हा बँका शनिवारी अर्धा दिवस असायच्या. चिंचवडला घरी जायच्या वाटेवरच लोकल खडकीला थांबते. मी हो म्हटलं, त्यामागे यापेक्षा मोठं कारण नव्हतं.

हवालदारसाहेबांची इजा मानेच्या पाचव्या मणक्याची. म्हणजे खांदे हलतात, कोपरात हात वाकतो, पण बोटं मिटत नाहीत आणि वाकवलेला हात जोर लावून सरळ करता येत नाही. हात तोंडापर्यंत यायचा, पण त्या हातात पेन राहायचं नाही. सातारा जिल्ह्यातल्या गावी त्यांची बायको, दोन मुलं आणि धाकटा भाऊ होते, आणि तिथली शेती ते खडकीच्या पलंगावरून चालवत होते. उसाचा खोडवा ठेवायचा की नवी लागण करायची, सोसायटीचं कर्ज कोणत्या महिन्यात फेडायचं, थोरल्याला सायन्सला घालायचं की आयटीआयला, सगळं पत्रातून. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "ताई, मी सांगतोय तेवढंच लिवा. सुधरून लिवू नका. घरच्यांनी वाचताना माझा आवाज ऐकू आला पायजे." मग डोळे मिटायचे आणि सांगायला लागायचे. वाक्य संपलं की "पूर्णविराम" म्हणायचे.

एका दुपारी पत्र अर्ध्यावर असताना त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले. चेहरा लाल झाला, दंडावर काटा आला. मी घाबरून उठले. ते म्हणाले, "डोकं फुटतंय. बीपी चढलंय. पाठीमागची कळ फिरवा, मला बसतं करा. मग नळी बघा, पिशवी भरलीय का ते बघा, आन् अटेंडंटला हाक मारा." तीन कामं, त्याच क्रमाने. मी बसतं केलं आणि चादर उचलली. लघवीची नळी पलंगाच्या कठड्यात अडकून दुमडली होती. अटेंडंटने ती सोडवली, पिशवीत धार लागली, आणि थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्यावरची लाली उतरली.

पुढे मला कळलं की छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा झालेल्या माणसाला हा धोका कायमचा असतो. मूत्राशय तुंबलं, पोट साफ झालं नाही, बोटाचं नख रुतलं, तरी खालून धोक्याची सूचना निघते. ती मेंदूपर्यंत पोचत नाही, पण रक्तदाब मात्र सर्रकन चढतो. वेळेवर कारण सापडलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हवालदारसाहेबांना मूत्राशय भरल्याचं कळत नव्हतं. कपाळावरचा घाम कळत होता, त्यावरून ते खालचं सगळं ताडायचे. त्या दिवशी डोकं ठणकत असतानाही समोरच्या घाबरलेल्या बाईला काय, कशानंतर काय करायचं, हे त्यांनी न चुकता सांगितलं. नंतर पाणी प्यायले आणि विचारलं, "कुठवर आलतो आपण?" आम्ही विहिरीच्या मोटारीपर्यंत आलो होतो.

दर दोन तासांनी कूस बदलण्याची गोष्ट मी तिथेच बघितली. जाणीव असलेला माणूस झोपेतही चुळबुळ करतो, कारण दाबली गेलेली कातडी तक्रार करते. जाणीव गेली की तक्रार बंद होते आणि हाडाखालची कातडी रक्तावाचून मरायला लागते. माकडहाड, खुब्याचं हाड, टाचा, घोटे ही ठरलेली ठिकाणं. वरून नुसता लालसर डाग दिसतो. बोट दाबून सोडलं आणि तांबूसपणा तसाच राहिला, तर समजायचं की आत बिघाड सुरू झालाय. दोन गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. चादरीला चुणी नको. माणसाला ओढायचं नाही, उचलायचं, नाहीतर कातडी घासते. खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन बूड उचलायचं, आणि हातात जोर नसेल तर कोणीतरी त्याला पुढे झुकवायचं. हे मी कोणत्या वर्गात बसून शिकले नाही. हवालदारसाहेब अटेंडंटला सूचना द्यायचे आणि मला म्हणायचे, "ताई, बघून ठेवा."

हे साधं वाटणारं काम जगाला फार उशिरा समजलं. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक जवान थोड्याच काळात मरत. मरायचे ते गोळीने नव्हे, पाठीवरच्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने. लुडविग गुटमान हे जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे १९४४ साली त्यांनी असा विभाग हाती घेतला आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाला वळवण्याचा हट्ट धरला. माणसं जगायला लागली. जगलेल्या माणसांना काहीतरी करायला हवं, म्हणून त्यांनी खेळ सुरू केले. १९४८च्या जुलैमध्ये, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्या दिवशीच, व्हीलचेअरवरच्या माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. तिथून पॅरालिंपिक आलं. आणि त्याच वाटेने सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले, १९७२ साली हायडेलबर्गला जाऊन पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. हवालदारसाहेबांना पेटकरांचा विलक्षण अभिमान होता. "आपल्याकडचा माणूस," एवढंच म्हणायचे, पण दर वेळी म्हणायचे.

या सेंटरचं नाव महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुलांना कळलं ते एका धड्यामुळे. हवाई दलातले वैमानिक एम. पी. अनिल कुमार १९८८ साली मोटारसायकलच्या अपघातात मानेखाली लुळे पडले आणि पुढे खडकीलाच राहिले. पेन दातांत धरून त्यांनी लिहायला शिकून घेतलं, आणि त्यांचा ‘एअरबोर्न टू चेअरबोर्न’ हा लेख आपल्या शालेय इंग्रजी पाठ्यपुस्तकात आला. २०१४ साली ते गेले. त्यांच्याशी बोलण्याचा योग माझ्या वाट्याला आला नाही. पण त्यांचं उदाहरण मी मुद्दाम सांगते, कारण त्यांची इजा युद्धातली नव्हती. हवालदारसाहेबांचीही नव्हती. सिक्कीमच्या घाटात त्यांची गाडी दरीत गेली होती. सणासुदीला भेटायला येणारे लोक पहिला प्रश्न एकच विचारायचे, "कुठल्या लढाईत?" ते शांतपणे सांगायचे, "रस्त्यावर." विचारणाऱ्याचा चेहरा थोडा उतरायचा. मला तेव्हाही तो प्रश्न खटकायचा, आजही खटकतो. बर्फातल्या चौकीला रेशन पोचवणारी गाडी, कडा चढण्याचा सराव, नदी ओलांडण्याचा सराव, हे सगळं सैन्याचंच काम आहे. ते करताना मणका मोडला तर माणूस कमी शूर ठरत नाही. सरकारी नियमात युद्धातल्या इजेची पेन्शन वेगळी आणि सेवेतल्या अपंगत्वाची वेगळी. ती असो. आपण भेटायला जाणाऱ्यांनी तरी ही वर्गवारी बरोबर नेऊ नये.

राखीपौर्णिमेला शाळेच्या मुली येत. हवालदारसाहेब प्रत्येकीला सांगत, "सैल बांध गं बाळ." बधिर मनगटात दोरा रुतला तर संध्याकाळपर्यंत कोणाला कळत नाही. त्या गेल्या की अटेंडंटकडून एकेक राखी बोटाने सरकवून बघायचे. काढू मात्र द्यायचे नाहीत.

आता मुख्य गोष्ट. त्यांची पाणी मागण्याची पद्धत मी किती वेळा पाहिली असेल. "ताई, पाणी. स्ट्रॉ डाव्या बाजूनं. दोन घोट." मग "थांबा." मग "बास." त्यात अजिजी नव्हती, चीडही नव्हती. ‘तुम्हाला त्रास’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. आणि मेच्या उन्हात (इजेच्या खालच्या शरीराला घाम येत नाही, अंग तापत जातं) मी न विचारता ओला टॉवेल खांद्यावर टाकायला गेले की तितक्याच शांतपणे, "आत्ता नको. सांगीन." त्यांच्या खुर्चीला हात लावण्याआधीही विचारावं लागे, कारण ती खुर्ची त्यांच्या अंगासारखीच होती. एकदा मी विचारलंच, की दिवसभर दुसऱ्याकडून सगळं करून घेताना जीव संकोचत नाही का. ते म्हणाले, "पयली दोन वर्सं संकोचला. मग इचार केला, फौजेत ऑर्डर देताना कोण लाजतं का? नेमकं सांगितलं की करणाऱ्यालाबी सोपं जातं. मी ‘ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या’ म्हनत बसलो, तर तुमी दोनदा उठनार, तीनदा बसनार, आन् मला पानी काय मिळनार न्हाय."

मी हे ऐकलं आणि तेव्हा नुसती हसले. त्याची किंमत कळली ती २००६च्या पावसाळ्यात, आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा.

उजवी बाजू गेली. वाचा महिन्याभराने, जड का होईना, परत आली. हात आला नाही. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शेजारून वाटीभर साखर आणली तर दुसऱ्या दिवशी वाटी शिगोशीग भरून परत करणारी. अशा बाईला सुनेच्या हातून लघवीचं भांडं घ्यायची वेळ आली. तिने त्यावर उपाय काढला, पाणी पिणंच सोडलं. ग्लास तोंडाशी नेला की ओठ मिटून घ्यायची. दोनदा लघवीचा संसर्ग झाला, थंडी वाजून ताप आला. आम्ही रागावलो, समजावलं, डॉक्टरांनी सांगितलं, काही उपयोग झाला नाही. कूस बदलणं, उश्या, टाचा हे सगळं मी खडकीहून शिकलेलं जसंच्या तसं करत होते. पण ‘पाणी दे’ हे दोन शब्द तिच्या तोंडून कसे यावेत, हे मला शिकवता येत नव्हतं.

शनिवारी मी हे हवालदारसाहेबांना सांगितलं. घरच्या पत्राचा मजकूर त्यांनी बाजूला ठेवला. म्हणाले, "नवा कागद घ्या. आईस्नी लिवायचंय."

ते पत्र माझ्याकडे आहे. माझ्याच अक्षरात. "मातोश्रींना शिरसाष्टांग नमस्कार. मी तुमच्या मुलीकडून शनिवारी पत्रं लिवून घेतो, त्यामुळं तुमची वळख हाय. मातोश्री, पानी कमी प्यालं की भांडं कमी लागतं हे बरोबर हाय. मीबी करून बघितलंय. पन मग ताप येतो, आन् घरची मानसं रातभर जागतात. चार टायमाला भांडं मागितलं तर त्यांची दहा-दहा मिनटं जातील. हिशेब करून बघा. तुमी मास्तरीन हाय, तुमाला हिशेब माज्यापेक्षा बरा येतो. सकाळपास्नं ऑर्डर द्यायला लागा. एक ऑर्डर, एक काम. पूर्णविराम."

मी ते रविवारी सकाळी तिला वाचून दाखवलं, ‘पूर्णविराम’सकट. तिने दोनदा वाचायला लावलं. दुपारी मी स्वयंपाकघरात असताना आतून तिचा आवाज आला, अडखळत, पण वर्गात फळ्यापुढे उभं राहून यावा तसा. "पाणी." मी गेले. तिने ग्लासकडे बघितलं आणि म्हणाली, "अर्धा. उशी वर."

आठवड्याने तिने उत्तर सांगितलं. एकेक वाक्याला तिला वेळ लागायचा, आणि मी पुढचा शब्द सुचवला तर ती डावा हात उचलून मला थांबवायची. असा पत्रव्यवहार तीनेक वर्षं चालला. ती त्यांना विचारायची की मुलगा बारावीला किती मार्क मिळवतोय, ते तिला विचारायचे की उजव्या हाताचे व्यायाम चालू आहेत का. संधिवातावर काय बांधावं, उसाला भाव किती मिळाला, अक्षर सुधारायला नातवाला रोज किती ओळी द्याव्यात, सगळं त्यात असायचं. माझ्याबद्दलच्या तक्रारीही असायच्या, आणि त्या मलाच लिहाव्या लागायच्या. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिला उतरवणं अवघड, त्यांना चढवणं अशक्य. ती दोघं एकमेकांना कधी भेटली नाहीत. हात नसलेल्या दोन माणसांमध्ये मी ये-जा करत होते, आणि त्या काळात मी स्वतःला जितकी उपयोगाची वाटले, तितकी बँकेच्या सबंध नोकरीत वाटले नाही.

आई गेल्यावर महिन्याभराने मी खडकीला गेले. हवालदारसाहेबांना फोनवर कळवलं होतं. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. मग म्हणाले, "कागद घ्या." मी विचारलं, घरी लिहायचंय का. "न्हाय. तुमाला."

मी म्हटलं, मी समोरच बसलेय, बोला की. त्यांनी मान हलवली. त्यांच्या घरी कोणी गेलं की रजा मिळो न मिळो, पत्र आलेलंच असायचं, आणि ते पत्र पुन्हा पुन्हा वाचता यायचं. बोललेलं तसं पुन्हा ऐकता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्यांनी मला उद्देशून सांत्वनाचं पत्र सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. मध्ये मध्ये मला दिसत नव्हतं. ते थांबायचे, मी डोळे पुसले की पुढचं वाक्य सांगायचे. शेवटी पाकिटावर माझाच पत्ता घातला. "पोस्टात टाका," ते म्हणाले. "घरी येऊ द्या."

मंगळवारी पोस्टमनने ते आणून दिलं. आईबद्दल त्यात जे आहे ते माझ्यापाशीच राहू दे. खालचा मजकूर असा आहे: "आईंची हवेची गादी तशीच गुंडाळून ठिवू नका. पडून ऱ्हायली की रबर चिरतं. गरज आसंल त्याला द्या. पन नुसती दिऊ नका, दोन दिवस सवता जाऊन कूस कशी बदलायची ते दावा."

दापोडीत आमच्या बँकेच्या एका शिपायाचे वडील झाडावरून पडून आडवे झाले होते. मी गादी रिक्षात घालून घेऊन गेले. म्हातारे मला बघून म्हणाले, "कशाला तरास घेतला, बाई?" मी त्यांच्या सुनेला उश्या कुठे लावायच्या ते दाखवलं, टाचा अधांतरी करून दाखवल्या, तिच्याकडून दोनदा करून घेतलं. मग म्हाताऱ्यांकडे वळले आणि विचारलं, "आबा, पाणी किती हवंय? नेमकं सांगा."